कुणी काही बोललं नाही, तर हे लायसन

१२ जाने., सोमवार
शेवटचं प्रॅक्टिकल आटोपून स्टाफरूममध्ये आले तर कोरेगावहून विद्याताईंचे तीन मिसकॉल. ताई उगाच फोन करणाऱ्यातल्या नाहीत. लगेच लावला.
बातमी चांगली. ताईंचं वाचनालय साताऱ्याच्या ज्या संस्थेचं, ती संस्था आमचं ‘कपाट’ तिच्या सगळ्या गावांतल्या वाचनालयांत लावायचं म्हणतेय. पुस्तकांची यादी, देवघेव, शोध, सगळं त्या एका प्रोग्राममध्ये. सहा वर्षांचे रविवार आहेत त्यात. मी तिथेच मोठ्याने ‘काय सांगता!’ म्हणाले, पाटीलबाई दचकल्या.
पण सचिवांनी विचारलंय, याचं लायसन कुठाय?
ताई : “मी म्हटलं, आमचं मोकळंच हाय. नेटवर टाकलंय, कुणीबी घ्या. तर म्हणाले, तसं लिहिलेलं दाखवा.”
दाखवते म्हटलं. घरी येऊन फोल्डर उघडलं. लिहिलेलंच नाही.

१४ जाने., संक्रांत
दोन दिवस वाचतेय. समजलं ते असं. लायसन न लावता कोड नेटवर टाकला म्हणजे तो मोकळा होत नाही. कायद्याने तो लिहिणाऱ्याचाच राहतो. बाकीच्यांनी बघायचा फक्त, वापरायचा नाही. म्हणजे आजवर ज्या चार वाचनालयांनी ‘कपाट’ वापरलं त्यांच्याकडे परवानगीच नव्हती. आणि आम्ही आपले ‘मोकळं हाय’ म्हणून सांगत फिरतोय.
‘देवघेव’मध्ये आमच्या गटातल्या सुहासने कुठूनशी एक ओळ उचलून चिकटवलीय, ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’. म्हणजे वाचनालयाने वापरायचंच नाही! कार्डं छापायच्या प्रोग्राममध्ये तिसरंच काही. ‘शोध’मध्ये काहीच नाही.
मी वर्गात कॉपीराइट शिकवते. दरवर्षी.
अब्बा दुकानातून जेवायला आले. एवढं काय वाचतीस? लायसनचं म्हटलं. “गाडी घेतीस का काय?”
ठरवलं. एकेका प्रोग्रामचं वेगळं करत बसायचं नाही. आमच्या गटाचं एक ठरलेलं लायसन हवं. नवीन काही सुरू केलं की पहिल्याच दिवशी ते आत. कुणी काही बोललं नाही, तर हे. रविवारी सांगलीत बसू.

१८ जाने., रविवार, रात्री घरी
सांगलीत सुहासच्या कंप्यूटर क्लासवर बैठक. तो, मी, विद्याताई. ताई कोरेगावहून सकाळच्या गाडीने आल्या, डब्यात धपाटी.
मी दोन लायसनं मांडली. एक अगदी आखूड, पानभरसुद्धा नाही. आमचं नाव ठेवा, बाकी हवं ते करा. दुसरं लांबलचक, जीपीएल. घ्या, बदला, विका, पण बदललेलं पुढे कुणाला दिलंत तर तुमचाही कोड असाच उघडा द्या. ताईंनी लगेच नावं पाडली, आखूड आणि लांब.
सुहासला आखूड हवं. मला वाटलं आळसाने म्हणतोय. तर म्हणाला, “मी हे सगळं कुठं शिकलो? लोकांनी नेटवर टाकलेला कोड बघून. कुणी मला अट घातली नव्हती. मी आता कुणाला घालू?”

मग ताई बोलल्या. मागे कुठल्याशा कंपनीने त्यांच्या वाचनालयाची यादी आपल्या प्रोग्राममध्ये भरून दिली. पुढे कंपनीने ते बंद केलं. यादी काढून द्या म्हटलं तर निघत नाही म्हणाले. प्रोग्राम आत कसा चालतो ते कुणाला दाखवायचं नव्हतं त्यांना. ताईंनी पुस्तकांची सगळी दाखल नोंदवही पुन्हा टाइप केली. उन्हाळाभर. एकटीनं.
“उद्या हेच कपाट कुणी घेतलं, वरनं रंग दिला, कुलूप घातलं आणि दुसऱ्या एखाद्या बाईच्या गळ्यात मारलं तर? मला ते चालायचं न्हाई, सुहास.”
सुहास : “पण ताई, लांब लावलं तर कंपन्या शिवणार न्हाईत.”
“नका शिवू म्हणावं.”
मी ताईंकडे झुकले. तसं म्हणालेही. सुहासला लागलं बहुतेक.
मग माझ्याच लक्षात आलं. लायसन लावायचं तर ज्याने ज्याने कोड लिहिलाय त्याची संमती लागते. आमची तिघांची आहे. पण ‘शोध’ बिरूचा आहे, आमच्यातल्या चौथ्याचा.
सुहास म्हणाला, “त्याला कशाला? तीन वर्षांत फोन तरी केलाय का त्यानं?”
ताई माझ्याकडे बघत होत्या. मी कागद गोळा करायला लागले.

१९ जाने.
लिहूनच टाकते.
तीन वर्षांपूर्वी साताऱ्याला, संस्थेच्याच कार्यक्रमात, ‘कपाट’ पहिल्यांदा लोकांना दाखवलं. मी बोलले. शेवटच्या स्लाइडवर नावं तीन. मी, सुहास, विद्याताई. बिरू तिसऱ्या रांगेत बसलेला. कवठे महांकाळहून गाड्या बदलत आलेला, इस्त्रीचा शर्ट घालून. बाहेर चहाला त्याने विचारलं, माझं नाव? मी म्हटलं, राहूनच गेलं रे.
राहून गेलं नव्हतं. त्या महिन्यात तो दोन बैठकांना आला नव्हता, फोन उचलत नव्हता. मला राग होता. आदल्या संध्याकाळी स्लाइड करताना मी त्याचं नाव लिहिलं आणि पुसलं.
त्याचे वडील तेव्हा मिरजेत दवाखान्यात होते. हे नंतर कळलं. ते गेले, तेही नंतर कळलं. कळल्यावरही मी गेले नाही. कुठल्या तोंडाने जायचं, असं करत करत तीन वर्षं.
सुहासला, ताईंना हे कधी सांगितलेलं नाही.

२० जाने.
बिरूला मेसेज. चार वेळा लिहून खोडला. शेवटी, ‘शोधच्या लायसनबद्दल बोलायचं आहे. कधी फोन करू?’ दोन निळ्या खुणा, म्हणजे वाचला. उत्तर नाही.

२३ जाने.
नाही.
सचिवांचा ताईंना निरोप, महिनाअखेरपर्यंत द्या. ताईंनी मुदत फेब्रुवारीअखेर करून घेतली.

२५ जाने., रविवार
सुहासने चार दिवसांत नवा ‘शोध’ लिहून पाठवला. म्हणाला, आता बिरूची गरजच नाही.
चालवून पाहिला. ‘शेळीपालन’ लिहिलं, पुस्तक आलं. ‘शेळि पालन’ लिहिलं, तेही आलं. ‘शेळीपालण’, आलं. बरं वाटलं. मग कोड उघडला आणि बरं वाटणं गेलं. सगळीकडची नावं बदललेली, पण चुकांची यादी तीच, त्याच क्रमाने. बिरूने कोरेगावला ताईंच्या वाचनालयात पंधरा दिवस बसून जुन्या मागणी-चिठ्ठ्यांचे गठ्ठे उपसून केलेली यादी. लोक जसं बोलतात तसं लिहितात, म्हणायचा. चिठ्ठ्यांच्या धुळीने त्याला खोकला झाला होता. ताई त्याला काढा द्यायच्या.
सुहासला फोन केला. हे बिरूचंच आहे, म्हटलं.
“अगं, कुणाला कळणार हाय?”
“मला कळलंय की.”
“मग काय कवठ्याला जाऊन पाया पडतीस?”
जाईन, म्हटलं आणि ठेवला. रागाने म्हणाले, पण आता म्हटलंय तर जायचं. लायसन लावायचं ते कुणी आपलं न विचारता घेऊ नये म्हणून. आणि सुरुवातच अशी करायची?

१ फेब्रु., रविवार
सहाची गाडी. सांगली, मिरज, कवठे. तिथून वडापच्या जीपने त्याच्या गावात. वडापवाल्याला ‘बिरू, कंप्यूटरवाला’ म्हटलं तर दारात नेऊन सोडलं.
घराच्या मागे बेदाण्याचं शेड, हिरव्या जाळ्या, रॅकवर नुकते टाकलेले घड. बिरूची बायको सुवर्णा आणि दोन बाया घड पसरत होत्या. आई ओसरीवर. मला ओळखलं त्यांनी.
“इस्लामपूरची तस्लीम न्हवं तू? लय दिसांनी गं. आमचं मालक गेलं तवा समदी आली, तूच न्हाई आलीस.”
चुकलं माझं, म्हटलं. त्यांनी हात धरून खाली बसवलं. थोरला मुलगा मेंढरं घेऊन अजून नदीकडेच आहे, यंदा लांब गेलाय, असं काय काय सांगत राहिल्या. बिरू आत कामावर होता. पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करतो, रविवारीही होतं काहीतरी. पाऊण तासाने बाहेर आला. केस पांढरे झालेत कानाजवळ.
“मेसेज बगितला तुजा.”
“हो.”
“उत्तर द्यायचं न्हवतं म्हणून दिलं न्हाई.”
मी सांगितलं. स्लाइडचं. नाव लिहून पुसल्याचं, राहून गेलं नव्हतं ते. एका दमात सांगितलं, थांबले असते तर राहिलं असतं. सुवर्णा चहा घेऊन दारात उभी राहिली ती तशीच.
बिरू म्हणाला, “ठावं हाय मला.”
“कसं?”
“तू फाइल आमा सगळ्यांस्नी पाठवली हुतीस. तिच्यात आदीचा मजकूर दिसतो गं, संगणकाच्या बाई.”
तीन वर्षं याला माहीत होतं.  मग तोच म्हणाला, “हे फोनवर बी सांगता आलं असतं.”
“नसतं आलं.”
 मग मी लायसनचा कागद काढला. खरं तर तेव्हा काढायला नको होता. त्याने वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला.
“सही पायजे म्हणून आलीस तू. माजं मत काय, ते इचारायला न्हाई.”
खरंच होतं. सांग मग मत, म्हटलं.
“आज न्हाई.”
वाटलं संपलं. पण कवठ्यापर्यंत गाडीवरून सोडायला आला. स्टँडवर म्हणाला, पुढच्या रविवारी बसणार असशीला तर मला लिंक पाठीव. बेदाण्याची पिशवी त्याच्या आईने दिलेली. बेदाणे पूर्ण सुकलेले नाहीत अजून, चिकट आहेत.

८ फेब्रु., रविवार
चौघं. फोनवरच, पण चौघं. सुरुवातीला सगळे एकमेकांशी नव्या नवरानवरीसारखे अवघडलेले. मग ताई म्हणाल्या, “बिरू, त्या कार्यक्रमात मी समोरच हुते. नावं मी बी वाचली. तवाच उठून बोलायला पायजे हुतं. न्हाई बोलले.”
“आवं ताई, जाऊ द्या.”
“जाऊ कशाला दिऊ?” म्हणाल्या. मग सुहासची पाळी. त्याने नवा ‘शोध’ पुसून टाकलाय, ते सांगितलं. बिरूने नुसती मान हलवली.
मग मत. मला वाटलेलं, ज्याचं आपण एकदा घेतलं तो आता कडक लायसन मागणार. बिरू म्हणाला, शोधला आखूड लावा.
मी : कंपनीने उचललं तर?
“उचलू दे की. माजी आय मोबाईलवर ‘दुद’ लिवती, ‘पानी’ लिवती. कुटं काय घावत न्हाई तिला. बँकेच्यात न्हाई, सरकारी साइटवर न्हाई. मला वाटतं ह्यो शोध समद्यांनी घ्यावा. उगडा असू दे, बंद असू दे. तिला घावलं पायजे. नाव तेवडं ठेवा माजं.”
सुहास एकदम जागा झाला. बघा, मी तेच म्हणतोय! तर बिरू त्याला म्हणाला, “तू समद्याला आखूड म्हणतोस. मी शोधपुरतं म्हणतोय. देवघेव आन् यादी कुणी बंद करून इकली तर ताईंवर जी पाळी आली ती दुसऱ्या कुणावर येणार. त्याला लांबच.”
ताईंना दोन दोन नको. “एक ठरवा. मला सचिवांना एक सांगायचंय.”
तासभर ओढाताण. शेवटी मी म्हणाले, ठरलेलं लायसन एकच, लांब. कुणी काही बोललं नाही तर ते. ज्याला वेगळं हवं त्याने बोलायचं आणि का हवं ते चार ओळींत लिहून सोबत ठेवायचं. कारण लिहिता आलं नाही तर लांबच. शोधचं कारण बिरू आत्ताच बोलला, ते जसंच्या तसं लिहायचं.
ताई हो म्हणाल्या. बिरू हो. सुहास म्हणाला, मला विचार करू द्या.
त्याची संमती नसेल तर ‘देवघेव’ला काहीच लावता येत नाही. तीन विरुद्ध एक करून चालत नाही यात. बरंच आहे एका अर्थी.

१२ फेब्रु.
सुहासचा अजून निर्णय नाही. मीही टोकत नाही. त्याचं म्हणणं चूक नाहीच, हीच अडचण आहे. दोन्ही बरोबर असताना एक निवडायचं.
बिरूचा फोन. त्याच्या कंपनीला शोध हवाय त्यांच्या कामात. आता आपण लायसन लावलं की मालकी गटाची होते का? नाही म्हटलं. तुझं ते तुझंच राहतं, लायसन म्हणजे फक्त परवानगी. तू त्यांना आणि वेगळ्या अटीवरही देऊ शकतोस. “आसं व्हय,” म्हणाला. मग बेदाणे वाळलेत, येणारा कुणी असंल तर पाठवतो.

१५ फेब्रु., रविवार
सुहास इस्लामपूरला आला, न सांगता. अब्बांच्या दुकानात बसला होता. अब्बा वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधत होते, हा खळ लावून देत होता.
म्हणाला, “देवघेवला लांब लाव. मी नवीन काही केलं आन् मला आखूड हवं असलं तर कारण लिहीन, आन् तुमी ते मान्य करायचं. वाद घालायचा, पण शेवटी मान्य.”
कबूल, म्हटलं.
“आन् मी हरलो म्हणून न्हाई. ताईंनी उन्हाळाभर टाइप केलं ते डोक्यातनं जात न्हाई, म्हणून.”
ती शैक्षणिक वापराची ओळ त्यानेच पुसली, दुकानात बसून, माझ्या लॅपटॉपवर.
चौघांची संमती लेखी झाली. तारखेसह.

१९ फेब्रु., पहिला रोजा
शिवजयंतीची सुट्टी. सगळ्या फोल्डरांत लायसन घातलं. वर चार नावं, आडनावांच्या अकारविल्ह्याने, म्हणजे मी पहिली नाही. नवीन फोल्डर उघडलं की आपोआप लांब येतं, तीनदा तपासलं.
नियम अर्ध्या पानात बसवला. ताईंनी वाचून ‘परवानाधारक’ शब्द काढायला लावला. दारूच्या दुकानासारखं वाटतं म्हणे.

२१ फेब्रु.
संस्थेचा फॉर्म आला. सहा पानं. पाचव्या पानावर, ‘सदर संगणकप्रणालीचे सर्व हक्क संस्थेकडे राहतील.’
ताईंना फोटो पाठवून फोन केला. त्या म्हणाल्या, हा छापीलच हाय, इमारतीच्या नकाशाला बी हाच देतात. सही करून टाकली तर मंगळवारी काम होईल. नाही केली तर...
ताईंची नोकरी तिथली आहे. मी म्हटलं, तुम्ही सांगाल तसं.
ताईंनी ती ओळ मला पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला लावली. “खोड ती ओळ. शाईनं खोड. मी असते तिथं.”

२४ फेब्रु., मंगळवार, सातारा
चौघंही गेलो. बिरू आदल्या दिवशी निघून सांगलीत सुहासकडे राहिला, दोघं गाडीतून येताना कशावरून तरी भांडत आले. चांगलं लक्षण.
सचिव सत्तरीचे, सभ्य. मला पाणी पुढे केलं, रोजा आहे म्हटल्यावर स्वतःचाही पेला बाजूला सारला. पाचवं पान बघून चष्मा काढला.
“हे खोडलंय.”
“हो सर. हक्क आमचेच राहतील. पण तुमच्या सगळ्या वाचनालयांना वापरायची, बदलायची, दुसऱ्याला द्यायची परवानगी कायमची आहे. आम्ही चौघं उद्या भांडलो तरी काढून घेता येणार नाही.”
“मग आमच्या हातात काय?”
बिरू म्हणाला, “समदंच हाय की सायेब. फकस्त एकट्याच्या हातात न्हाई.”
सचिव ताईंकडे वळले. तुमचं काय म्हणणं?  “सर, मागच्या वेळी त्या कंपनीच्या कागदावर सही करताना मी वाचलं न्हवतं. ह्या वेळी वाचलंय.”
त्यांनी फॉर्म ठेवून घेतला. कार्यकारिणीपुढे ठेवतो म्हणाले. छापील ओळ खोडलेली कार्यकारिणीने आजवर पाहिलेली नाही, हेही म्हणाले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.
खाली सुहासने विचारलं, नाही म्हणाले तर? मी म्हटलं, त्यांचं उत्तर येईस्तोवर थांबायचं कारण काय? लायसन लागलंय. उघडायचं ते उघडूया.
 कोरेगावच्या गाडीत चढताना ताई म्हणाल्या, “टाक.”

२६ फेब्रु.
असरच्या नमाजानंतर टाकलं. नेटवर आधीही होतंच म्हणा, पण आज परवानगीसह. बटण दाबायच्या आधी तिघांना फोनवर घेतलं. बिरूच्या मागे शेडमधला पंखा घुरघुरत होता. एकदा असं दिलं की दिलेलं परत घेता येत नाही, हे पुन्हा एकदा सांगितलं. सुहास म्हणाला, आता दाब की गं.

१ मार्च, रविवार
संस्थेकडून काही नाही. कार्यकारिणी होळीनंतर. ताईंना साताऱ्याला बोलावलंय, एकटीला. मी येते म्हटलं तर नको म्हणाल्या, “माझं मी बगते.” आवाज ठाम होता. मला मात्र काळजी.
आज सकाळी उघडून पाहिलं. कुणीतरी ‘कपाट’ची आपली प्रत काढून घेतलीय. नाव ओळखीचं नाही, गाव लिहिलेलं नाही. पहाटे त्याने एक बदलही केलाय. पुस्तकं शोधायच्या पानावरची अक्षरं मोठी, खूप मोठी केलीत. म्हाताऱ्या माणसासाठी करावीत तशी. त्याखाली लायसन जागेवर आहे, चारही नावं जागेवर आहेत.
कोण असेल, कुणासाठी केलं असेल. विचारता येईल, पण त्याने सांगायलाच हवं असं काही आम्ही लिहिलेलं नाही.
तिघांना पाठवलं. बिरूचं उत्तर पहिलं आलं :
“आणखी मोठी व्हत्यात ती. त्याला सांगू का?”